जोत्यातली पांढरी

दिवाळीच्या आठ दिवस आधी अप्पांचा फोन आला. नव्या घराचं जोतं भरायला घेतलंय, ट्रॅक्टर लावलाय, मुरमाचे पैसे वाचले म्हणाले. मी ऑफिसात होतो, समोर स्क्रीनवर अर्धवट कोड, कानात इयरफोन. ‘कसे काय वाचले?’ विचारलं तर म्हणाले, ‘पांढरीची माती उचलायलोत. जवळ बी पडती आन् फुकट बी.’ मी ‘बरं झालं’ म्हणालो. हे वाक्य मी म्हणालो हे इथं आधीच लिहून ठेवतो, कारण पुढं मला ते गिळून टाकावंसं वाटलं.

आमचं गाव हिंगोली जिल्ह्यात, वसमत तालुक्यात. हळदीचा मुलूख. गावाच्या उगवतीला एक टेकाड आहे, त्याला सगळे पांढरी म्हणतात. शेताची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी, अशी आपल्याकडची जुनी वाटणी. माणसं शेकडो वर्षं एकाच जागी राहिली, मातीची घरं पडली, त्यावर पुन्हा मातीची घरं उठली, राख पडली, शेण पडलं, की ती माती पांढुरकी होते आणि जमीन वर वर येत जाते. आमच्या लहानपणी सगळी घरं माळवदाची होती. दर उन्हाळ्यात माळवदावर नवी माती टाकायची, आणि ती या टेकाडाचीच, कारण ती पाणी धरत नाही. माती चाळताना खापरं निघायची, ती फेकून द्यायची. मणी निघायचे, ते आम्ही पोरं घ्यायचो. लाल, निळे, एखादा पट्ट्यापट्ट्यांचा. माझ्याकडं एका पावडरीच्या डब्यात असे पंचवीस-तीस मणी होते. चौथीत असताना ते मी गोट्यांच्या बदल्यात देऊन टाकले. सौदा फायद्याचा झाला असं तेव्हा वाटलं होतं.

तेरला जायचं डोक्यात आलं ते मात्र वेगळ्याच कारणानं. आमच्या टीममधला एक जण रोमला फिरून आला आणि महिनाभर दुसरं काही बोलेना. कलोसियम, फोरम, पिझ्झा. मी सहज म्हणून गेलो, ‘रोमन वस्तू आमच्या मराठवाड्यात पण आहेत.’ शाळेच्या पुस्तकातली एक ओळ आठवत होती तेवढ्यावर. त्यानं विचारलं, ‘तू पाहिल्यास?’ नव्हत्या पाहिल्या.

हिंगोलीच्या माणसाला तेर माहीत असतं ते रोममुळं नाही, गोरोबाकाकांमुळं. संत नामदेवांचं जन्मगाव म्हणून मान असलेलं नर्सी आमच्या जिल्ह्यात आणि गोरा कुंभारांचं तेर धाराशिव जिल्ह्यात. या दोन गावांना जोडणारी गोष्ट आजीच्या तोंडून शंभरदा ऐकलेली. संतमंडळी जमलेली असताना मुक्ताबाई गोरोबांना सांगते, की तुम्ही कुंभार, तर यातली भाजलेली मडकी कुठली आणि कच्ची कुठली ते सांगा. गोरोबा थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर ठोकत जातात. बाकीचे निमूट बसतात, नामदेव चिडतात. गोरोबा निकाल देतात: हे मडकं कच्चं. मग हे कच्चं मडकं गुरू शोधत आमच्याच औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडं येतं. आजी ही गोष्ट सांगताना नेहमी नामदेवांची बाजू घ्यायची. ‘कुणी बी डोस्क्यात हाणल्यावर चिडंल न्हाई का?’

दिवाळीच्या सुट्टीत चुलतभावाला मागं बसवून पहाटे निघालो. परभणी, गंगाखेड, परळी, अंबाजोगाई, कळंब, मग ढोकी आणि तेर. दोनशेच्या वर किलोमीटर. सोयाबीन निघून गेलेलं, ढोकीच्या बाजूला ऊस. भाऊ अर्ध्या वाटेत म्हणाला, ‘एवढं लांब मडके बघायला चाललो व्हय आपण?’ तसं पाहिलं तर हो.

तेर आज तेरणा नदीकाठचं एक मोठं खेडं आहे. पण साधारण 2000 वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये राहणाऱ्या, ग्रीक बोलणाऱ्या एका माणसानं त्याची नोंद केली. त्याचं नाव कुणाला ठाऊक नाही. त्याच्या पुस्तकाला ‘पेरिप्लस’ म्हणतात, म्हणजे तांबड्या समुद्रापासून पुढं भारतापर्यंतच्या बंदरांची माहितीपुस्तिका. कुठलं बंदर धोक्याचं, कुठं काय विकलं जातं, राजाला भेट काय न्यावी, वारं कधी सुटतं. इतिहास लिहिण्याचा त्याचा काही विचार नव्हता. त्यानं आपल्या धंदेवाल्यांसाठी डॉक्युमेंटेशन लिहिलं. आम्ही लोक जे कधीच नीट लिहीत नाही ते. त्याचं पुस्तक आपल्यापर्यंत पोचलं ते मुख्यतः दहाव्या शतकातल्या एका नकलेमुळं, आणि ती जर्मनीत हायडेलबर्गला आहे.

तो म्हणतो, की बारिगाझा म्हणजे भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, खूप मोठं शहर. तिथून गाड्यांवर लादून, रस्ते नसलेल्या मोठाल्या प्रदेशातून, माल भडोचला उतरतो. पैठणहून गोमेदासारखे दगड. तगरहून जाडंभरडं कापड पुष्कळ, तलम कापड तऱ्हेतऱ्हेचं आणि ‘मोलोखिना’ नावाचं कापड. या शेवटच्या नावाचा संबंध रंगाशी लावायचा की झाडाशी, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही.

मी हिशोब करून पाहिला. पैठण ते तेर आजच्या रस्त्यानं 200 किलोमीटरच्या आसपास. दहा दिवसांना भागलं तर दिवसाला 20. पैठण ते भडोच 400 च्या पुढं, वीस दिवस, म्हणजे पुन्हा तोच वेग. बैलगाडीचा वेग. आकडे जुळले की मला बरं वाटतं, व्यवसायाचा दोष. तेरहून निघालेलं ठाण महिनाभरानं समुद्राला लागायचं. आम्ही पुण्यात दहा मिनिटांत कोथिंबीर मागवतो आणि बाराव्या मिनिटाला तक्रार टाकतो.

आता प्रश्न पडेल, की कोकणातली बंदरं जवळ असताना एवढ्या लांब भडोचला कशाला? त्याचंही उत्तर तो अनाम माणूस देऊन ठेवतो. कल्याणचं बंदर आधी रीतसर चालू होतं, पण त्याच्या काळात तिथं अडवणूक सुरू झाली होती. चुकून एखादं ग्रीक जहाज लागलंच तर ते पहाऱ्यात भडोचला नेलं जायचं. सातवाहन आणि क्षत्रप यांच्या झगड्याचा हा काळ. घाटावरच्या विणकराला महिनाभराचा फेरा का पडत होता, तर दोन राजांचं पटत नव्हतं म्हणून.

हे तगर नेमकं कुठलं, यावरही शंभर वर्षं वाद झाला. कुणी देवगिरी म्हणालं, कुणी जुन्नर, कुणी बीडकडचं धारूर. गोंधळाचं एक कारण ‘पूर्वेला’ हा शब्द, कारण तेर पैठणच्या सरळ पूर्वेला नाही, आग्नेयेला आहे. 1901 मध्ये जे. एफ. फ्लीट यांनी तगर म्हणजे तेर असं मांडलं आणि त्यानंतर हेन्री कझिन्स यांनी इथं येऊन पाहणी करून लिहिलं, तेव्हा कुठं वाद मिटला. गंमत म्हणजे कोकणातले आणि कोल्हापूरचे शिलाहार राजे ताम्रपटांत स्वतःला मोठ्या अभिमानानं ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवून घेत. राज्य भलतीकडं आणि बिरुद तगरचं. पुण्यात बारा वर्षं राहून गाव विचारलं की ‘हिंगोली’ सांगणाऱ्या माणसाला हे पटकन कळतं.

संग्रहालयाचं नाव रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावावर आहे. ते कुणी विद्यापीठातले पंडित नव्हते, तेरचेच रहिवासी. तेरच्या पांढरीत तेच चालू होतं जे आमच्या गावात: लोक माती खणत, खापरं आणि मूर्ती निघत. फरक एवढाच, की तेरमध्ये एक माणूस त्या वस्तू उचलून घरी आणून ठेवत होता. वर्षानुवर्षं. ब्रिटिश म्युझियमचे डग्लस बॅरेट यांनी 1960 साली ‘तेर’ याच नावाचं छोटं पुस्तक काढलं. पुढं हा संग्रह शासनाकडं आला आणि गावातच सरकारी संग्रहालय उभं राहिलं.

आत शिरल्यावर पहिली गोष्ट मी केली ती म्हणजे रोम शोधणं. काचेच्या कपाटांमागून कपाटं. मणी, शंखाच्या बांगड्या, हस्तिदंती फण्या, मातीची खेळणी, दिवे, पांढऱ्या केओलिनच्या मातीच्या बाहुल्या. तिथल्या एका कर्मचारी मामांना विचारलं, ‘मामा, रोमन कुठलंय यातलं?’ ते हसले. ‘समदे पहिलं ह्येच इचारतात. कुठले तुम्ही?’ ‘हिंगोलीकडचे.’ ‘मग नामदेवाकडचे की! गोरोबाकडं जाऊन आले का? आधी तिकडं जायाचं असतंय.’ आम्ही नव्हतो गेलो. त्यांनी मान हलवली आणि एका कपाटाकडं नेलं.

तिथं मातीच्या चकत्या होत्या. रुपयाएवढ्या, काही त्याहून थोड्या मोठ्या. अशा चकत्यांना अभ्यासक ‘बुल्ला’ म्हणतात. रोमन नाण्यावरून साचा घ्यायचा, तो मातीत दाबायचा, भाजायचं आणि वर ओवायला भोक किंवा कडी ठेवायची. दख्खनमध्ये अशा चकत्या बऱ्याच ठिकाणी मिळाल्यात, तेलंगणात कोंडापूरला, आपल्याकडं तेरला. बऱ्याचशांची मूळ नाणी सम्राट टिबेरियसची. तो इसवी सन 14 ते 37 या काळात गादीवर होता आणि त्याची चांदीची नाणी भारतात ढिगानं आली. ती बहुतेक दक्षिणेकडं, तमिळ मुलखात सापडतात. दख्खनमध्ये त्या मानानं कमी. इथं सापडतो तो मातीतला टिबेरियस. ज्याला खरं नाणं गळ्यात घालणं परवडत नव्हतं, त्यानं हा घातला असावा असा अंदाज आहे.

मी त्या कपाटापुढं बराच वेळ उभा राहिलो. अर्ध्या जगाचा मालक, आणि तेरच्या एखाद्या बाईच्या गळ्यात कवड्यांच्या शेजारी लटकलेला. तिला त्याचं नाव माहीत असण्याचं काही कारण नाही. तिला तो चेहरा आवडला असेल किंवा शेजारणीकडं आहे म्हणून हवा असेल. माझा भाऊ शेजारून म्हणाला, ‘म्हंजी डुप्लिकेट माल व्हय?’ त्याचं मोबाइलचं दुकान आहे, त्याला हा विषय चांगला कळतो.

डुप्लिकेट म्हणावं तर मग अस्सल काय? इथून माझा रोमचा शोध जरा गडबडायला लागला. त्या केओलिनच्या बाहुल्या घ्या. दोन साच्यांत पुढची आणि मागची बाजू वेगवेगळी काढून जोडायची, आतून पोकळ ठेवायचं, ही रीत रोमन मुलखातून आली असं मानतात. पण माती इथली, हात इथला, केसांची ठेवण इथली. मातीच्या उभट सुरया, ज्यांतून दारू आणि तेल यायचं, त्यांना अँफोरा म्हणतात. पश्चिम भारतात जागोजागी त्यांचे तुकडे मिळाले आणि प्रत्येक तुकड्यावर ‘रोमन’ अशी चिठ्ठी लागली. मग रॉबर्टा टोंबर या बाईंनी देशभरातल्या संग्रहांत जाऊन ही खापरं एकेक करून हातात घेऊन पाहिली. 2008 साली त्यांचं पुस्तक आलं. यातली पुष्कळ खापरं रोमन नव्हतीच. ती इराककडच्या, आतून डांबर फासलेल्या वेगळ्याच रांजणांची होती आणि बरीचशी नंतरच्या काळातली. त्याच्याही आधी तमिळनाडूकडं असंच झालं होतं. पुदुच्चेरीजवळ अरिकामेडूला 1945 मध्ये मॉर्टिमर व्हीलर यांनी उत्खनन केलं, तिथं चाकानं नक्षी उठवलेली सुबक भांडी मिळाली आणि ती बाहेरून आलेली असं त्यांनी धरलं. पुढं तपासण्या झाल्या तर ती भांडी भारतातच घडवलेली निघाली.

म्हणजे सुबक दिसलं की बाहेरचं. ही खोड आमच्या क्षेत्रात मी रोज बघतो. चांगला कोड दिसला की पहिला प्रश्न, ‘कुठून कॉपी केला?’

खरा, वादापलीकडचा रोमन माल महाराष्ट्रात बघायचा तर कोल्हापूरला जावं लागतं. पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीच्या टेकाडावर 1940 च्या दशकात काशाच्या वस्तूंचा साठा मिळाला, आणि 1945-46 मध्ये हसमुख सांकलिया आणि मोरेश्वर दीक्षित यांनी तिथं उत्खनन केलं. त्या साठ्यातली समुद्रदेव पोसायडनची छोटी मूर्ती टाउन हॉल संग्रहालयात आहे. ती मी कॉलेजात असताना पाहिली होती आणि सेल्फी काढून पुढं गेलो होतो.

पण तेरला परत येतो, कारण तेरमध्ये ती बाई आहे.

हस्तिदंतात कोरलेली छोटी स्त्रीमूर्ती. समोर तोंड करून उभी, अंगावर दागिनेच दागिने, कमरेला मेखला. फोटोत ती मोठी वाटते. प्रत्यक्षात वीतभरही नाही. तिची एक बहीण इटलीत आहे. इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियस फुटला आणि पाँपेई राखेखाली गाडलं गेलं. 1938 मध्ये तिथल्या एका घराच्या उत्खननात हस्तिदंती भारतीय स्त्री सापडली. साधारण 24 सेंटिमीटर, दोन बाजूंना दोन छोट्या दासी. ती आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. सुरुवातीला तिला लक्ष्मी म्हणायचे, अजूनही ‘पाँपेईची लक्ष्मी’ हेच नाव चालतं, पण ती बहुधा यक्षी किंवा कुठल्याशा लहान टेबलाचा पाय किंवा आरशाची मूठ असावी. तिच्या बैठकीवर खरोष्ठी लिपीतलं एक अक्षर आहे, त्यामुळं काही जण तिचं माहेर वायव्येला गांधाराकडं शोधतात. दुसरे बोट दाखवतात तेरच्या बाईकडं आणि भोकरदनकडं. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला, म्हणजे जुन्या भोगवर्धनला, 1973 च्या उत्खननात हस्तिदंती मूर्तीचा खालचा तुकडा मिळाला. त्यात मधल्या बाईचे पाय आणि दोन बाजूंना दोन दासी. पाँपेईच्या मूर्तीशेजारी ठेवला तर एकाच घरातलं काम वाटावं असा.

मला या वादात उडी घ्यायची नाही. पण एक बाब नक्की आहे. व्हेसुव्हियस 79 साली फुटला, म्हणजे ती बाई त्याच्या आधी इटलीत पोचलेली होती. एवढी पक्की तारीख आपल्याकडच्या जमिनीतून मिळालेल्या कुठल्याच हस्तिदंती तुकड्याला नाही. आपल्या कारागिराचा काळ सांगायला तिकडचा ज्वालामुखी लागला. आणि त्याच स्फोटात प्लिनी नावाचा रोमन लेखकही गेला. भारत दर वर्षी आपल्या साम्राज्याचे 5 कोटी सेस्टर्स गिळतो, आणि त्याच्या मालाची किंमत आपल्याकडं शंभरपट होते, अशी कुरकुर त्यानं लिहून ठेवली होती. आकड्यात अतिशयोक्ती असेल. पण अलेक्झांड्रियाला या मालावर 25 टक्के जकात बसायची हे कागदोपत्री आहे. बायकांच्या चैनीपायी देशाचा पैसा बाहेर जातोय हा सूरही प्लिनीचाच. मातीचा टिबेरियस गळ्यात घालणारी तेरची बाई आणि भारतीय मलमल नेसणारी रोमची बाई, दोघींनाही कुणीतरी घरात नावं ठेवली असणार.

संग्रहालयातून फिरताना मला हळूहळू एक गोष्ट टोचायला लागली. पेरिप्लसवाल्यानं तगरची नोंद केली ती कशासाठी? कापडासाठी. मडकी, मणी, बाहुल्या यांचं त्यानं तगरच्या बाबतीत नावही घेतलं नाही. आणि या सबंध इमारतीत त्या कापडाचा एक धागा नाही. असणार कसा? आपल्या पावसात, आपल्या काळ्या ओल्या मातीत कापूस किती दिवस टिकणार? भाजलेली माती टिकते, दगड टिकतो, दंत टिकतो. जे आलं त्याचे तुकडे राहिले. जे गेलं, ज्याच्यासाठी जहाजं समुद्रात घातली गेली, ते इथून पुसलं गेलं.

ते राहिलं तर तिकडं, वाळवंटात. इजिप्तच्या तांबड्या समुद्राकाठी बेरेनिकी नावाचं बंदर होतं. 1994 पासून तिथं मोठं उत्खनन चाललं. कोरड्या वाळूमुळं तिथं काय नाही टिकलं! भारतीय बनावटीच्या रांजणात साठवलेले साडेसात किलो काळे मिरे. सागाचं लाकूड. आणि सुती कापड: शिडांचं जाडं, चटयांचं, नेसायचं, काही निळ्या-पांढऱ्या छापाचं. ते भारतीय कसं ओळखलं, तर पिळावरून. इजिप्तमध्ये सूत कातताना पीळ एका बाजूला द्यायची सवय आणि भारतात उलट्या बाजूला. हाताची सवय, बस. कातणारी बाई कुठली, तिचं नाव काय, काही शिल्लक नाही. पण ती चाती कुठल्या बाजूला फिरवायची ते दोन हजार वर्षांनी भिंगाखाली दिसतं. त्यातलं एखादं ठाण तेरचं होतं का हे सांगता येत नाही. गुजरातचंही असू शकतं. पण त्या जाड्याभरड्या शिडाच्या कापडाबद्दल वाचलं तेव्हा पेरिप्लसमधलं ‘जाडंभरडं कापड पुष्कळ’ आठवल्याशिवाय राहिलं नाही.

माझी पणजी टकळीवर सूत काढायची असं आजी सांगते. कुठल्या बाजूला फिरवायची, हे मी आजीला फोन करून तिथूनच विचारलं. आजी म्हणाली, ‘उजव्या हातानं फिरविती माणूस जशी फिरविती तशी. डाव्या हाताची थोडीच व्हती ती?’

दुपारी गोरोबाकाकांच्या समाधीला गेलो. मामांचं ऐकायला हवं होतं, उन्हाच्या आधी जायला हवं होतं. तिथून त्रिविक्रम मंदिर. समोरून साधं गावातलं देऊळ, पण मागं गेलात की विटांचं गोल पाठीचं, घोड्याच्या नालेसारखं बांधकाम दिसतं. कझिन्सनं ते मूळचं बौद्ध चैत्यगृह असल्याचं म्हटलं होतं. लेण्यात दगड कोरून केलेली चैत्यगृहं आपल्याकडं खूप; विटांनी उभं केलेलं आणि अजून उभं असलेलं फार दुर्मीळ. आत आज त्रिविक्रम आहे, घंटा आहे, पोरं क्रिकेट खेळून सावलीला येऊन बसलेली आहेत. जवळच्या उत्तरेश्वर मंदिराचं बांधकामही विटांचं. तेरच्या काही विटा पाण्यावर तरंगतात. मातीत भाताचं तूस मिसळायचं, भाजताना ते जळून जातं आणि वीट आतून जाळीदार, हलकी होते. कुंभाराचंच गाव हे. एकानं टिबेरियस भाजला, एकानं तरंगणारी वीट भाजली, एकानं नामदेवांच्या डोक्यावर थापटणं हाणलं.

गावाच्या कडेला टेकाडं आहेत, काही खणून अर्धी झालेली. एका कापलेल्या कडेपाशी उभं राहिलो. थर सरळ दिसतात: राख, पिवळी माती, विटांचे तुकडे, पुन्हा राख, मध्येच खापरांची एक ओळ. सगळ्यात खालचा थर सगळ्यात जुना. आम्ही लॉग वाचतो तसंच, फक्त इथं खालून वर वाचायचं. आणि मधली ओळ कुणी उचलून नेली तर तिच्या वरच्या-खालच्या ओळींचाही अर्थ जातो. मणी हातात येतो, पण तो कुठल्या थरात होता, कशाशेजारी होता, हे गेलेलं असतं. लामतुऱ्यांनी वाचवलेल्या वस्तूंपैकी कितीतरींच्या बाबतीत अभ्यासकांची हीच अडचण आहे. वस्तू वाचली, तिचा पत्ता हरवला. तरी वस्तू तरी वाचली.

तिथं उभं असतानाच मला जोतं आठवलं.

अप्पांना तिथूनच फोन लावला. ‘अप्पा, पांढरीची माती थांबवा.’

‘का रं? काय झालं?’

मी सांगायला लागलो. सातवाहन, भडोच, मातीचे टिबेरियस. वाऱ्यात अर्धं ऐकू जात नव्हतं. अप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘आपल्या पांढरीत रोमन हाय म्हनतो का तू?’

हे माझ्याकडं नव्हतं. आमचं गाव कुठल्या पुस्तकात नाही. तिथं रोमन असेल किंवा नसेल. बहुतेक नसेल. एखादं साधं खेडं असेल, ज्यात कुणी कापूस पिकवला आणि कुणी कातला आणि ते सूत बैलाच्या पाठीवरून कुठंतरी गेलं. ‘रोमन नसलं तरी,’ मी म्हणालो.

‘मुरमाची ट्रॉली केवढ्याला पडती माहितीय का?’

‘मी देतो.’

‘घर बी तूच देऊ लागलास, मुरूम बी तूच दे,’ अप्पा म्हणाले. रागानं नाही. मग जरा वेळानं, ‘गुत्तेदाराला काय सांगू? पोरगा तेरला गेला आन् याड लागलं म्हनू?’

‘म्हणा.’

परत येईस्तोवर रात्र झाली. भाऊ गंगाखेडपर्यंत बोलला नाही, मग एकदम म्हणाला, की लहानपणी त्याच्याकडं पण तसले मणी होते, माझ्याच डब्यातले. त्यानंच ते गोट्यांच्या बदल्यात घेतले होते. मी विसरलो होतो. ‘कुठं गेले?’ म्हणालो. त्याला आठवेना. म्हशीच्या गळ्यातल्या दोरीत आईनं ओवले होते बहुतेक, म्हणाला. ती म्हैस विकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पांढरीवर गेलो. ट्रॅक्टर गेलेला, पण उगवतीची बाजू पुरुषभर कापलेली होती. कडेला राखेचा पट्टा स्पष्ट दिसत होता, खाली लाल भाजलेल्या मातीचा. मी मोबाइलवर फोटो काढले, शेजारी मोजपट्टी धरून, तेरच्या संग्रहालयातल्या फोटोंत असते तशी. कडेला पडलेली सात खापरं उचलली. एक आतून काळं, बाहेरून लाल. ती आता वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात ठेवली आहेत आणि कुठल्या बाजूला, जमिनीपासून किती खाली मिळाली ते वर पेननं लिहिलंय. पुढच्या महिन्यात जवळच्या विद्यापीठातल्या पुरातत्त्वाच्या लोकांना दाखवायची आहेत.

मग जोत्यावर आलो. तीन खोल्या मुरमानं भरायच्या राहिल्या होत्या. हॉल आणि देवघर भरून, पाणी मारून, धुम्मस करून झालं होतं. मी अप्पांना विचारलं, ‘किती ट्रॉल्या गेल्या यात?’

अप्पांनी बोटं मोजली. ‘अकरा.’ मग म्हणाले, ‘काढायची म्हनलास तर काढता यील. पर मजुरी डबल.’

आजी तिथंच पायरीवर बसली होती. ती म्हणाली, ‘आपल्याच लोकांची माती हाय ती. घरात आली तं आली.’

फरशी बसायला अजून पंधरा दिवस आहेत.